गोधडीचा हिशेब

उज्जयिनीचे नाव निघाले की महाकालेश्वराचे मंदिर, क्षिप्रेचे घाट, सवाई जयसिंहाने १८ व्या शतकात उभारलेली वेधशाळा आणि कालिदासाचा मेघ ही वाचकांच्या डोळ्यांपुढे उभी राहतात. प्रस्तुत लेखात यांपैकी कशाचेही वर्णन करण्याचा आमचा हेतू नाही. गेल्या पौषात त्या नगरीतील एका परिचित मराठी कुटुंबात आमचा चार दिवस मुक्काम झाला. त्यांपैकी एक संपूर्ण दिवस आम्ही त्या घरातील आजींच्या शेजारी बसून घालविला. आजी गोधडी शिवीत होत्या. गोधडी आपणां सर्वांच्या अंगावर लहानपणापासून आहे. परंतु तिला किती कापड लागते, किती दोरा लागतो आणि मुख्य म्हणजे किती वेळ लागतो, हे आपल्यापैकी कितीजणांनी कधी मोजून पाहिले असेल? आम्ही ते त्या दिवशी मोजले.

माळव्यात मराठी घरे कशी, असा प्रश्न बालवाचकांना पडेल, म्हणून दोन शब्द सांगतो. पेशवाईत राणोजी शिंदे यांनी उज्जयिनीस आपले ठाणे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. पुढे १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरीस नेली, तरी त्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी बांधविलेले गोपाळ मंदिर आजही उज्जयिनीच्या भर बाजारात उभे आहे. सरदार, कारकून, भिक्षुक व शिक्षक यांच्या रूपाने आलेली घराणी तेथेच रुजली. त्यांच्या घरी मराठी बोलली जाते, पण तिच्यात माळवी शब्द मिसळलेले असतात. आजी ज्या वस्तूला गोधडी म्हणतात, तिलाच शेजारच्या माळवी बाई गोदडी म्हणतात आणि हिंदी पुस्तकात तीच गुदडी होते. सातारा-कोल्हापूरकडील वाचक तिला वाकळ म्हणतील. वस्तू एकच.

या वस्तूचे कूळ फार जुने आहे. संस्कृतात तिला कंथा म्हणतात. बंगालातील प्रसिद्ध कांथा हे त्याच शब्दाचे रूप. वैराग्यशतकाचा कर्ता भर्तृहरी हा उज्जयिनीचा राजा होता व राज्य सोडून नाथपंथी जोगी झाला, अशी लोकपरंपरा आहे. गढकालिकेजवळ क्षिप्रेच्या काठी त्याच्या नावाची गुंफाही दाखवितात. त्या शतकात जीर्ण, ठिगळांच्या कंथेचा उल्लेख येतो. राजाच्या अंगावर ती येणे ही विरक्तीची खूण झाली. गरिबाच्या अंगावर मात्र ती तशीच असते, तिला कोणी विरक्ती म्हणत नाही! बौद्धांच्या विनयग्रंथांतही अशीच एक गोष्ट आहे. मगध देशातील बांधबंदिस्तीची शेते पाहून भगवान बुद्धांनी आनंदास सांगितले की, भिक्षूंची चीवरे या शेतांसारखी तुकडे जोडून करता येतील का ते पाहा. आणि आनंदाने तशी ती केली. त्याच ग्रंथात, मूळचे उज्जयिनीचे असलेले महाकात्यायन स्थविर बुद्धांकडे निरोप पाठवून काही सवलती मागतात. आमच्या अवंती देशातील भूमी काळी व खडबडीत आहे आणि लोक अंथरूण-पांघरुणासाठी मेंढीची, बकरीची व हरणाची कातडी वापरतात, तेव्हा त्यांची अनुज्ञा असावी, असे त्यांचे म्हणणे होते. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माळव्यातील अंथरुणाची चर्चा धर्मग्रंथात जपून राहिली, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते. काळी माती तर आजही तीच आहे. तिच्यात कापूस उत्तम येतो, आणि कातड्यांची जागा कापडाने केव्हाच घेतली आहे.

आता आजींच्या दिवसाकडे वळू.

माळव्याच्या रात्री सुखद म्हणून नावाजलेल्या आहेत, परंतु पौषातील पहाट चांगलीच झोंबते. आजी सकाळी सातास उठून प्रथम घरातील सर्व गोधड्या चौकातील दोरीवर टाकतात. स्वतः मात्र त्या ऊन चौकात उतरल्याखेरीज सुईला हात लावीत नाहीत. पंचाहत्तरी उलटलेल्या डोळ्यांना विजेच्या दिव्याखाली फिक्या कापडावरचा पांढरा टाका दिसत नाही. म्हणून त्यांचा सारा दिवस उन्हामागून सरकतो: सकाळी पश्चिमेच्या ओसरीवर, दुपारी उत्तरेच्या पायरीशी आणि तिसऱ्या प्रहरी पूर्वेच्या भिंतीलगत. येथे भूगोलाच्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट नमूद करतो. कर्कवृत्त उज्जयिनीच्या थोडेसे उत्तरेकडून जाते, त्यामुळे जूनच्या अखेरीस तेथे मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. परंतु पौषात तो दक्षिणेकडे सुमारे ४४ अंशांपर्यंतच वर चढतो. ४५ अंशांच्या कोनात उंची व सावली समान असतात, हे आपण भूमितीत शिकतोच. म्हणजे त्या घराची दक्षिणेकडील भिंत जेवढी उंच, तेवढाच चौक भर दुपारीही सावलीत असतो. दुमजली घराच्या चौकात ऊन किती उरणार? दिवसाकाठी जेमतेम पाच तास. तेवढाच आजींच्या शिवणाचा दिवस.

उन्हाची वाट पाहत असताना कापडाचे बोचके सोडले जाते. वर्षभरातील जुनी वस्त्रे त्यात साठविलेली असतात. आजी एकेक वस्त्र घेऊन दोन्ही हातांनी हलकेच ताणतात, उजेडासमोर धरतात आणि बोटांत चुरगळून पाहतात. ताणल्यावर जे चर्रकन फाटते, ते गोधडीच्या कामाचे नाही, त्याचे फडके होते. जे विरळ झाले आहे पण सुताने अजून धरून आहे, ते आतील थरांत जाते. मजबूत व चांगल्या रंगाचे ते वर. नवे कापड सहसा कामास येत नाही. त्याची खळ गेलेली नसते, ते पुढे धुण्यात आटते, आणि आटले की शेजारच्या जुन्या कापडास ओढून सुरकुत्या पाडते. शंभर वेळा धुतलेले सुती कापड मऊ असते, त्याला जेवढे आटायचे तेवढे ते आटून चुकलेले असते. तेव्हा जीर्णपणा हा येथे दोष नसून गुण आहे.

परंतु त्या बोचक्यात अशी वस्त्रे फार थोडी निघाली. बहुतेक साड्या कृत्रिम धाग्याच्या होत्या. त्या झिजत नाहीत, विटत नाहीत, दिसायला अगदी नव्यासारख्या. पण घडी घातली की एकावरून दुसरी घसरते, आणि घाम तर मुळीच टिपत नाही. आजींनी त्या सर्व एका बाजूस सारल्या. ढीग मोठा झाला. धोतरे नेसणारे त्या घरात आता कोणी नाही, नऊवारी नेसणाऱ्या आजी एकट्याच. गोधडीची कला लोप पावत आहे असे म्हणताना आपण बहुधा शिवणाऱ्या हातांचा विचार करतो. तिचा कच्चा मालच घरातून नाहीसा झाला आहे, हे आमच्या तरी त्या दिवसापर्यंत ध्यानात आले नव्हते.

त्या दिवशी आजींच्या पुढ्यात तीन कामे होती. एका जुन्या गोधडीस ठिगळ लावावयाचे होते, पणतीसाठी एक दुपटे पुरे करावयाचे होते, आणि तिसरे काम मोठे होते. थोरला नातू शिक्षणासाठी भोपाळास वसतिगृहात राहावयास जाणार होता. त्याच्यासाठी नवी गोधडी घालावयाची होती. बोचक्यात पुरेसे सुती कापड नाही असे दिसताच आजी उठल्या आणि त्यांनी पेटीतून एक लुगडे काढून आणले. जांभळ्या रंगाचे, सुती, महेश्वरी. काठावर नर्मदेच्या लाटांसारखी नक्षी. ते त्यांच्या सासूबाईंचे होते.

येथे घरात थोडा वाद झाला, तो सांगणे भाग आहे. सूनबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या व म्हणाल्या, "आई, हे मात्र कापू नका. आजेसासूबाईंचे एवढे एकच राहिले आहे."

"कापत नाही गं," आजी म्हणाल्या, "पण पेटीत ठेवून तरी काय राहणार? घडीवर बघ कसे विरले आहे."

आम्ही पाहिले. लुगड्याच्या प्रत्येक घडीवर एक बारीक, केसासारखी चीर पडली होती. वस्त्र वर्षानुवर्षे एकाच घडीत ठेवले म्हणजे त्या रेषेवरचे सूत मोडते; मधून मधून घडी न बदलल्यास न नेसलेले लुगडेही फाटते. वस्तुसंग्रहालयांत जुनी वस्त्रे शक्यतो घडी न घालता पसरून किंवा नळकांड्यावर गुंडाळून ठेवतात, ते याच कारणाने. सूनबाईंना हे पटले की नाही, आम्हांस सांगता येत नाही. त्या काही वेळ काठावरून बोटे फिरवीत उभ्या राहिल्या आणि पुन्हा आत गेल्या.

नातवाची अडचण निराळी होती. तो आडून आडून म्हणाला, "आजी, बाजारात चांगली ब्लँकेटे मिळतात. तेथे सगळ्यांकडे तीच असतील." त्याच्या मनातील लाज आम्हांस कळली आणि तिच्यात गैर असे काही वाटले नाही. सतरा-अठराव्या वर्षी चारचौघांत वेगळे दिसणे फार जड जाते. चिंध्यांच्या गोधडीमुळे ज्यांना लोक गोधडे महाराज म्हणू लागले, त्या संत गाडगेबाबांचे (१८७६ ते १९५६) उदाहरण त्यास देण्याचा मोह आम्हांस झाला होता. पण थोरांच्या उदाहरणाने मुलांची लाज जात नाही, उलट ती बोलून दाखविण्याची सोय तेवढी जाते, असा आमचा शिक्षकी पेशातील अनुभव आहे. आम्ही गप्प बसलो. आजींनी मात्र त्याचे म्हणणे मनावर घेतले. त्यांनी विचारले, "वरून एकरंगी केली तर चालेल?" तो म्हणाला, "चालेल." आणि ठिगळांची गोधडी रद्द झाली. वरून व खालून भैरवगढचे छापील कापड लावायचे, आणि लुगडे न कापता, सबंधच्या सबंध, आत घालायचे असे ठरले.

भैरवगढ हे उज्जयिनीचे क्षिप्रेकाठचे उपनगर. तेथील छिपा लोक पिढ्यान्‌पिढ्या कापडावर छपाई करीत आले आहेत. मेणाने नक्षी झाकून कापड रंगात बुडवावयाचे, म्हणजे मेणाखालचा भाग कोरा राहतो आणि मेणास जेथे तडे जातात तेथे रंगाच्या बारीक शिरा उमटतात. या रीतीस बाटिक म्हणतात. उज्जयिनीच्या बाटिक छपाईस २०२३ साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. घरात असे एक पलंगपोसाचे कापड होते, पण ते नवे होते. आजींनी ते आदल्याच दिवशी गरम पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून ठेवले होते. ओले असताना त्यावर पांढरे फडके घासून रंग जातो की नाही, तेही पाहिले होते. म्हणजे नातवाचे म्हणणे त्यांनी बहुधा आधीच ओळखले असावे!

आता गणित. नऊवारी लुगडे नऊ वार लांब, म्हणजे सुमारे ८.२ मीटर. पन्हा या लुगड्याचा भरला १.१५ मीटर. ते न कापता चौपदरी घडीत पसरले, तर प्रत्येक पदर २.०५ मीटर लांब होतो. उंच मुलास तेवढी लांबी हवीच. रुंदी मात्र १.१५ मीटरच राहते. एकट्या माणसास ती पुरते. अंथरूण पाहून पाय पसरावे असे आपण म्हणतो; येथे लुगड्याकडे पाहून गोधडीचे माप ठरले. लुगड्याचे चार पदर, वर व खाली छापील कापड, असे सहा थर झाले. घड्या जुन्या चिरांवर येऊ नयेत म्हणून आजींनी प्रत्येक वळण चार बोटे सरकवून घेतले, आणि विरलेल्या जागांखाली जुन्या धोतराच्या पट्ट्या घातल्या.

हे सर्व माजघरातील स्वच्छ पुसलेल्या फरशीवर झाले. खालचे कापड पसरून त्याच्या चार कोपऱ्यांवर वजने ठेवली. वजने म्हणजे वरवंटा, खलबत्ता आणि पाण्याने भरलेले दोन तांबे. वरचा प्रत्येक थर मध्यापासून कडेकडे तळहाताने साफ करीत नेला. कडेकडून मध्याकडे नेल्यास हवा आत राहते व फुगा येतो. मग हातहात अंतरावर लांब कच्चे टाके घालून सारे थर एकमेकांस बांधून टाकले. ते झाल्यावरच गोधडी उचलून उन्हात नेता येते. शेवटी हे कच्चे टाके उसवून काढावयाचे असतात. एवढे काम एकटीने होत नाही. शेजारच्या माळवी बाई आल्या, दोघींनी समोरासमोर बसून ते उरकले. एक मराठीत बोलत होती, दुसरी माळवीत, आणि दोघींचे काहीही अडत नव्हते.

पक्क्या शिवणास जो टाका वापरतात तो म्हणजे धावदोरा. शिवणकामाच्या तासास मुली पहिल्या दिवशी शिकतात तोच. सुई खाली-वर, खाली-वर, सरळ पुढे. आजी एका दमात तीन-चार टाके सुईवर घेतात, मग अंगुस्तान घातलेल्या बोटाने सुई रेटून दोरा ओढतात. ओढ बेताची असावी लागते. सैल राहिल्यास थर हलतात, फार ताणल्यास कापड चुण्या धरते. दोराही फार मजबूत नको. पीळदार पक्का दोरा जुन्या कापडास करवतीसारखा कापतो. तुटावयाचेच झाले तर दोरा तुटावा, कापड नव्हे, कारण दोरा पुन्हा घालता येतो. पहिली ओळ चारी कडांनी फिरते, तिच्या आत बोटभर अंतरावर दुसरी, तिच्या आत तिसरी, अशा आयताकृती वलयांनी शिवण मध्यापर्यंत जाते. कोणी कोणी आडव्या समांतर ओळीही घालतात. आजींना वलयांची रीत पसंत आहे, कारण कडा आधी पक्क्या होतात.

या ओळी केवळ शोभेसाठी असतात, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक पाहता गोधडीची ऊब कापडात असते त्याहून अधिक कापडाच्या थरांत अडकलेल्या हवेत असते. हवा उष्णतेची मंद वाहक आहे, मात्र ती स्थिर राहिली पाहिजे. थर एकमेकांपासून सुटले की हवा खेळू लागते व अंगाची उष्णता बाहेर जाते. टाक्यांच्या ओळी थरांना एकत्र बांधतात, आणि दोन ओळींमध्ये कापड जरासे फुगून हवेचे लांबट कप्पे तयार होतात. कापूस भरलेली रजई याच तत्त्वावर अधिक उबदार असते. पण रजई धुता येत नाही. काही वर्षांनी कापसाच्या गाठी होतात व पिंजाऱ्यास बोलवावे लागते. गोधडी घरी धुता येते.

त्या दिवशी आम्ही घड्याळ हाती धरून बसलो. आजी मिनिटास सरासरी दहा टाके घालीत होत्या. एका टाक्याने, वरचा व खालचा भाग धरून, सुमारे एक सेंटिमीटर पुढे जाणे होत होते. दोन ओळींतील अंतर दोन सेंटिमीटर. आता विद्यार्थ्यांनी वही घ्यावी. गोधडीचे क्षेत्रफळ २०५ गुणिले ११५, म्हणजे २३,५७५ चौरस सेंटिमीटर. त्यास दोनाने भागले की सर्व ओळींची मिळून लांबी येते: सुमारे ११,७९० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ ११८ मीटर. टाकेही तितकेच, ११,७९०. मिनिटास दहा या वेगाने १,१७९ मिनिटे, अर्थात वीस तासांस एकवीस मिनिटे कमी. चौकातील ऊन पाच तास, त्यातील जेवण, पाहुणे व कंबर मोकळी करणे वगळता शिवणास मिळतात तीन. म्हणजे एका गोधडीस सात दुपारी. तीही आकाश निरभ्र असेल तर.

दोऱ्याचाही हिशेब पाहण्यासारखा आहे. सहा थरांतून खाली-वर जाताना दोरा ओळीच्या लांबीपेक्षा अधिक लागतो. गाठी धरून चतुर्थांश जास्त धरला तर सुमारे १४७ मीटर होतो. आजी एका वेळी मीटरभरच दोरा ओवतात, कारण लांब दोऱ्याचा गुंता होतो. म्हणजे एका गोधडीस दीडशे वेळा सुई ओवावी लागते. टाके बोटांच्या सवयीने पडतात, पण नेढ्यात दोरा घालणे आजींच्याने आता होत नाही. यावर घरात एक व्यवस्था आहे. धाकटी नात शाळेस जाण्यापूर्वी दहा सुया ओवून कापडाच्या गादीवर टोचून ठेवते. दहा दोरे संपले की शेजारच्या बाई, किंवा तिसऱ्या प्रहरी शाळेतून परतलेली तीच नात, पुन्हा दहा. त्या दिवशी सातवा दोरा ओवता ओवता नात थांबली आणि तिने विचारले, "आजी, दादाच्या गोधडीत पणजीचे लुगडे आहे हे दादाला रात्री कळेल का?" आजींनी काठाचा एक भाग कोपऱ्याशी कोठे येतो ते तिला बोटाने चाचपून दाखविले. काठाचे सूत जाड असल्याने तेथे हातास खरोखरच एक उंचवटा लागतो. आम्हीही चाचपून पाहिला.

तिसऱ्या प्रहरी ऊन पूर्वेच्या भिंतीवर चढू लागले तेव्हा मोठी गोधडी गुंडाळून ठेवून आजींनी ठिगळाचे काम घेतले. ठिगळ भोकापेक्षा चारी बाजूंनी दोन बोटे मोठे घ्यावे, कडा आत दुमडाव्या आणि टाके भोकाच्या काठावर न घालता चांगल्या कापडावर घालावे, हे त्यातील मर्म. दुपट्यास तर फारसे काही उरले नव्हते. ते दोनच थरांचे व हातभर लांबीचे. गाठ मात्र एकही वर येऊ द्यावयाची नाही, कारण तान्ह्या मुलाच्या कातडीस ती टोचते.

वीस तासांचे हे काम कोणत्या खात्यावर मांडावयाचे, हा प्रश्न आम्हांस तेव्हापासून सोडीत नाही. उज्जयिनीत विनोद मिल, हिरा मिल यांसारख्या मोठ्या कापडगिरण्या होत्या. आता त्या बंद आहेत; परंतु त्या चालू असताना तेथील प्रत्येक तासाची नोंद होती, हजेरी होती, मजुरी होती, आणि ती थकली तर मागण्यासाठी न्यायालयाची वाट होती. चौकातील पाच तासांच्या उन्हाची नोंद कोठेच नाही. विचारले तर आजी सांगतील की आपण दिवसभर काही केले नाही, नुसत्या बसून होतो! जगात अन्यत्रही असेच घडत आले आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची एक लहानशी वस्ती आहे. तेथील कृष्णवर्णीय स्त्रिया शेतावरच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या थंडीसाठी पिढ्यान्‌पिढ्या शिवीत होत्या. २००२ साली त्या गोधड्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात व त्यानंतर न्यूयॉर्कला भिंतींवर टांगल्या गेल्या, तेव्हा जाणत्यांनी त्यांची गणना उत्तम आधुनिक चित्रांच्या बरोबरीने केली. कौतुक झाले हे चांगलेच झाले. तथापि भिंतीवर टांगल्याखेरीज ते तास दिसू नयेत, याचे आम्हांस वाईट वाटते. आपल्या घरी गोधडी असेल तर एक ओळ मोजून पाहावी, दोन ओळींतील अंतर मोजावे, आणि वरील रीतीने भागाकार करून येणारा आकडा ती शिवणाऱ्या बाईंना सांगावा, अशी आमची विद्यार्थ्यांस विनंती आहे. त्या हयात नसतील तर घरातील इतरांना सांगावा.

गोधडी घरी आहे पण ती कशी राखावी हे ठाऊक नाही, असे सांगणारे पुष्कळ भेटतात, म्हणून आजींच्या तोंडून टिपून घेतलेले थोडेसे देतो. गोधडी वर्षातून दोनदा धुवावी, थंडीच्या आरंभी व अखेरीस. रात्रभर साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून पायांनी तुडवावी. धोक्याने बडवू नये, दोरे तुटतात. पिळूही नये. दोघांनी दोन टोके धरून दोरीवर आडवी टाकावी, पाणी आपोआप निथळू द्यावे, आणि दुपारी एकदा उलटावी. पूर्ण वाळेपर्यंत घडी घालू नये, नाहीतर आतील थरांस कुबट वास लागतो तो सहज जात नाही. प्रत्येक वेळी घडी निराळ्या ठिकाणी पडेल असे पाहावे. दोरा तुटलेला दिसला की त्याच दिवशी ओवून घ्यावा. एक ओळ सुटली की शेजारच्या ओळीवर ताण येतो.

ज्या मुला-मुलींना स्वतः शिवून पाहावयाचे असेल त्यांनी एकदम मोठ्या गोधडीस हात घालू नये. आईची एक जुनी सुती साडी आणि आजोबांचे एक धोतर किंवा जुनी चादर मागून घ्यावी. साडी न मिळाल्यास सुती ओढणी चालेल. त्यांचे हातभर लांब व तेवढेच रुंद असे तीन तुकडे करावे, कडा आत दुमडून कच्चे टाके घालावे, आणि कोपऱ्यापासून आरंभ करून दोन-दोन बोटांच्या अंतराने वलये घालीत मध्याकडे जावे. वळणावर सुई कापडातच ठेवून कापड फिरवावे, म्हणजे कोपरा गोल होत नाही. पहिल्या चार-पाच ओळी वाकड्या येतील. त्या उसवू नयेत. मध्यभागी पोहोचेपर्यंत ओळी सरळ येऊ लागतात, आणि शेवटची गाठ दोन थरांच्या मधे ओढून घेतली की दोरा कापावयाचा.